रक्तातील देवघेव



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, नाट्य आणि संगीत या विषयांना मानाचे स्थान मिळावे हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पंक्तीत रसायनशास्त्राचेही एक पान मांडावे अशी कल्पना कार्यकारिणीने काढली आणि ते वाढण्याचे काम आमच्याकडे सोपविले. विषय निवडताना आम्ही एकच पथ्य पाळले. जे प्रत्येकाच्या अंगात अहोरात्र चालू आहे, आणि ज्याचा बाळंतपण, लेहची सहल, हिवाळ्यातील शेगडी, रक्तदान आणि लग्नाची बोलणी या आपल्या घरच्याच गोष्टींशी संबंध आहे, तेच सांगावयाचे असे आम्ही ठरविले. पेशीतील एखादा चिमुकला रेणू एका भल्यामोठ्या प्रथिनाच्या अंगी लागतो आणि त्याचे वर्तन पालटून टाकतो. हा आजचा विषय. त्याचे उदाहरण म्हणून आम्ही हिमोग्लोबिन घेतले आहे.

पूर्वी घरोघरी पाणी भरण्यास पाणक्या येत असे. नदीवर जाऊन घागर भरणे हे त्याचे अर्धेच काम. ती घरच्या रांजणात रिती करणे हे उरलेले अर्धे. हिमोग्लोबिन हा आपल्या शरीराचा पाणक्या होय. त्याची नदी म्हणजे फुप्फुसे, आणि त्याची घरे म्हणजे स्नायू, मेंदू, यकृत आदी सारे अवयव. प्राणवायू पाण्यात फार थोडा विरघळतो. एक लिटर रक्तद्रवात तो जेमतेम ३ मिलिलिटर मावतो. हिमोग्लोबिनच्या साहाय्याने मात्र एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात आणि त्यांतील प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात. दोन 'आल्फा' जातीच्या व दोन 'बीटा' जातीच्या. प्रत्येक साखळीच्या कुशीत 'हीम' नावाची एक चपटी चकती आणि चकतीच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू. लोहाचे अणू चार, म्हणून प्राणवायू धरण्याच्या जागाही चारच.

घागर भरणे आणि रिती करणे ही दोन कामे परस्परविरोधी आहेत, ही येथील खरी अडचण. फुप्फुसांत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरइतका असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अवयवांत तो ४० च्या आसपास, तर श्रम करणाऱ्या स्नायूत २० पर्यंत उतरतो. जे द्रव्य प्राणवायूला घट्ट धरील ते फुप्फुसांत भरून निघेल खरे, परंतु स्नायूपाशी पोहोचल्यावर त्याची मूठ उघडणार नाही. जे सैल धरील ते मुळात भरणारच नाही. म्हणजे एकाच रेणूने एका ठिकाणी घट्ट व दुसऱ्या ठिकाणी सैल व्हावे, असे हे मागणे आहे.

हिमोग्लोबिन हे मागणे पुरे करते, हे १९०४ साली कोपनहेगन येथे ख्रिस्तियान बोर यांनी हासेलबाल्ख आणि क्रोग या आपल्या दोन तरुण सहकाऱ्यांसह दाखवून दिले. अणूच्या रचनेमुळे पुढे विख्यात झालेले नील्स बोर हे त्यांचेच चिरंजीव. वडिलांनी प्राणवायूचा दाब आणि रक्तात धरला गेलेला प्राणवायू यांचा आलेख काढला. तो सरळ न निघता इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळणदार निघाला: प्रथम मंद चढ, मग एकदम खडा चढ, आणि शेवटी सपाटी. दाब थोडासा उतरला की पुष्कळसा प्राणवायू सुटावा, अशी सोय त्या खड्या चढणीत आहे. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. जो अवयव जास्त राबतो तो कार्बन डायऑक्साइड व आम्ल जास्त निर्माण करतो, आणि त्यामुळेच त्याच्या दारात पाणक्याची घागर अधिक रिती होते. मागणाऱ्याने मागावे आणि देणाऱ्यास ते आपोआप कळावे, असा हा व्यवहार आहे.

हे घडते कसे, हे कळण्यास मात्र आणखी सहा-सात दशके जावी लागली. १९३८ साली प्राग येथील फेलिक्स हौरोवित्स यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनचे जांभळट, षट्कोनी स्फटिक ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काचपट्टीच्या कडेने हवा आत शिरू लागली तसे ते षट्कोन विरघळत गेले आणि त्यांच्या जागी लालभडक सुया उगवल्या. नुसत्या प्राणवायूच्या स्पर्शाने स्फटिकाची घडण मोडते, याचा अर्थ त्यातील रेणूचा आकारच बदलत असला पाहिजे. मूळचे व्हिएन्नाचे आणि १९३६ पासून केंब्रिज येथे असलेले माक्स पेरुट्झ यांनी हा धागा धरला. १९३७ मध्ये त्यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकण्यास आरंभ केला. मध्यंतरी १९४० साली शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्धही व्हावे लागले. रेणूचे पहिले ढोबळ चित्र हाती येण्यास १९५९ साल उजाडले. १९६२ साली केंड्रू यांच्यासमवेत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु रेणूचा आकार नेमका कसा व का बदलतो याची उकल त्यांनी मांडली ती त्यानंतर, १९७० साली.

पालखीला चार भोई लागलेले असावेत आणि त्यांतील एकाने खांदा बदलावा, की उरलेल्या तिघांनाही पाऊल सावरून घ्यावे लागते. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांचे असेच आहे. रिकाम्या रेणूत चारी साखळ्या एकमेकींना ताणून धरतात. या ताणलेल्या आकारात लोहाचा अणू हीमच्या पातळीच्या किंचित बाहेर असतो. किंचित म्हणजे किती, तर एका मिलिमीटरचे अडीच कोटी भाग केल्यास त्यांतील एका भागाइतका! प्राणवायू येऊन बसला की लोह त्या पातळीत ओढले जाते, त्याच्यामागून साखळीचा एक दांडा सरकतो, आणि अखेरीस रेणूचा एक निम्मा भाग दुसऱ्या निम्म्या भागाच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. ताण सुटतो, रेणू सैल आकारात येतो, आणि सैल आकारातील साखळ्या प्राणवायूला पुष्कळच अधिक आवडीने धरतात. म्हणून पहिला प्राणवायू बसणे कठीण, शेवटचा बसणे सोपे. सोडतानाही हाच क्रम उलटा चालतो.

आता आपल्या कथेतील मुख्य पात्राकडे वळू. तांबड्या पेशीत साखरेचे विघटन होत असता वाटेत एक लहानसा रेणू तयार होतो. त्याचे नाव २,३-बिस्फॉस्फोग्लिसरेट. सोयीसाठी आपण त्याला 'बीपीजी' म्हणू. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत तो 'डीपीजी' या नावाने आढळेल. हिमोग्लोबिनच्या मानाने हा रेणू अगदीच चिमुकला. हत्तीपुढे ससा म्हणावा असा. ग्रीनवाल्ड यांनी १९२५ सालीच तो डुकराच्या रक्तातून वेगळा केला होता. पेशीत तो जवळजवळ हिमोग्लोबिनच्या रेणूंइतक्याच संख्येने असतो, हेही पुढे दिसले. तरी तो तेथे कशासाठी आहे, हे चार दशके कोणास उमगले नाही. संशोधक हिमोग्लोबिन स्वच्छ करून अभ्यासीत, आणि त्या धुलाईत हा सोबती निघून जाई. अखेर १९६७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रेनहोल्ड व रूथ बेनेश या दांपत्याने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे व्हर्जिनियातील शानुटिन व कर्निश यांनी, त्याचे काम उघड केले.

ते काम असे. ताणलेल्या आकारात हिमोग्लोबिनच्या मधोमध, दोन बीटा साखळ्यांच्या दरम्यान, एक पोकळी असते. तिच्या भिंतींवर धन विद्युत्भार असतो. बीपीजीच्या अंगावर ऋण विद्युत्भार दाटलेला असतो. साहजिकच तो त्या पोकळीत नेमका बसतो. सुताराने फटीत पाचर ठोकावी तसा तो ताणलेला आकार टिकवून धरतो. रेणू सैल झाला की पोकळी आक्रसते व पाचर बाहेर फेकली जाते. प्राणवायू बसतो तो हीमवर, आणि बीपीजी बसतो त्यापासून दूर, रेणूच्या मध्यभागी. दोघांची गाठभेट कधीच होत नाही. तरीही दूर बसलेला हा लहान रेणू प्राणवायूची पकड ढिली करतो. बीपीजीविरहित शुद्ध हिमोग्लोबिन फुप्फुसांतून निघून श्रमणाऱ्या स्नायूपाशी पोहोचले तर जवळच्या प्राणवायूपैकी सुमारे ८ टक्केच देऊ शकते. बीपीजी सोबत असता तेच सुमारे ६६ टक्के देते. याचा अर्थ, धुऊन काढलेला शुद्ध पाणक्या घागर काठोकाठ भरतो खरा, पण दारोदार हिंडून ती तशीच परत नेतो.

अशा नियमनास शास्त्रात 'ॲलोस्टेरिक' असे म्हणतात. ग्रीक भाषेत 'ॲलॉस' म्हणजे अन्य आणि 'स्टेरिऑस' म्हणजे घन आकाराचे. आपण त्यास 'अन्यस्थानी नियमन' म्हटले तर अर्थ ध्यानात राहील: काम एका जागी, आणि त्या कामावरची वेसण दुसऱ्या जागी. हा शब्द १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जाक मोनो आणि फ्रांस्वा झाकोब यांनी रूढ केला, तो हिमोग्लोबिनवरून नव्हे, तर जीवाणूंतील एका विकरावरून. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू आयसोल्युसिन नावाचे ॲमिनो आम्ल पाच टप्प्यांत तयार करतो. ते पुरेसे झाले की तयार झालेला मालच पहिल्या टप्प्यावरच्या विकरास जाऊन चिकटतो व कारखाना थांबवितो, हे अंबार्गर यांनी १९५६ साली दाखविले होते. माल संपला की तो सुटतो व कारखाना पुन्हा सुरू होतो. मोनो यांचे शिष्य झाँ-पिएर शांझो यांनी असे दाखविले की, विकराचे मुख्य काम शाबूत ठेवून त्याची ही थांबण्याची शक्ती तेवढी नाहीशी करता येते. तेव्हा मालाची चिकटण्याची जागा आणि कामाची जागा या दोन निरनिराळ्या असल्या पाहिजेत, हे उघड झाले. मोनो, वायमन आणि शांझो यांनी १९६५ साली या साऱ्याची एक समान उपपत्ती मांडली आणि तिचा मुख्य दाखला म्हणून हिमोग्लोबिनच पुढे ठेवले. आज शेकडो प्रथिने या रीतीने चालतात असे ज्ञात आहे. पेशीला वरून हुकूम देणारा अधिकारी नाही. भोवतालच्या लहान रेणूंची चढउतार हाच तिचा निरोप.

आता हेच ज्ञान आपल्या घरात आणून पाहू.

पहिले उदाहरण मातेचे. गर्भाला स्वतःचा श्वास नसतो. त्याला प्राणवायू मिळवावयाचा तो आईच्या रक्तातून, वारेमधून. दोघांचे हिमोग्लोबिन एकाच तोलाचे असते, तर आईने ते का सोडावे व बाळाने ते कसे घ्यावे? निसर्गाने येथे अगदी लहानसा फेरफार केला आहे. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्यांऐवजी 'गॅमा' साखळ्या असतात. पोकळीच्या भिंतीवर ज्या १४३ व्या स्थानी बीटा साखळीत धन विद्युत्भार वाहू शकणारे हिस्टिडिन असते, तेथे गॅमा साखळीत भाररहित सेरीन असते. एवढ्यानेच बीपीजीची पाचर तेथे नीट बसेनाशी होते, बाळाच्या रक्ताची पकड आईच्या रक्तापेक्षा घट्ट राहते, आणि प्राणवायू आईकडून बाळाकडे वाहतो. जन्मानंतर काही महिन्यांत हे हिमोग्लोबिन मागे पडते व प्रौढांचे त्याची जागा घेते.

दुसरे उदाहरण उंचीचे. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त सैन्यात असतात, आणि उन्हाळ्यात लडाखला जाणारी कुटुंबे तर अनेक आहेत. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने तेथे उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस स्वस्थ राहावे असे सांगतात, ते उगाच नव्हे. श्वास वाढणे ही शरीराची पहिली व सर्वांत महत्त्वाची तजवीज. तिच्या जोडीला एक-दोन दिवसांत तांबड्या पेशींतील बीपीजी वाढू लागतो, असे १९६८ साली पेरूच्या पर्वतांत केलेल्या अभ्यासात दिसून आले. हवेत प्राणवायू कमी, तेव्हा जो मिळाला त्यातील अधिक भाग अवयवांना द्यावयाचा, असा हा हिशेब. परंतु या हिशेबालाही मर्यादा आहे. उंची फारच वाढली की फुप्फुसांतच घागर भरेनाशी होते, आणि मग ढिल्या पकडीचा तोटा होऊ लागतो. हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात उतरणारा, आपल्या जायकवाडीच्या जलाशयावरही दिसणारा पट्टकादंब हंस पाहा. त्याचे हिमोग्लोबिन सखल प्रदेशातील हंसांहून घट्ट पकडीचे असते. आल्फा साखळीतील ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी ॲलनिन असणे हे त्याचे एक कारण. त्याला विरळ हवेतून प्राणवायू वेचावयाचा असतो. तेव्हा घट्ट बरे की सैल बरे, याचे उत्तर स्थळकाळ पाहूनच द्यावे लागते.

तिसरे उदाहरण सावधगिरीचे. उत्तरेकडे राहणाऱ्या आपल्या बांधवांना हिवाळ्यातील शेगडी व अंगीठी परिचित आहे. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हीमला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तो जागा अडवितो हे आपण ऐकलेले असते. त्याहून घातक गोष्ट अशी की, तो रेणूला सैल आकारात खिळवून टाकतो, आणि उरलेल्या जागांवरचा प्राणवायूही मग अवयवांपाशी सुटत नाही. पांडुरोगाने निम्मे हिमोग्लोबिन गमावलेला माणूस थकलेला असला तरी चालताबोलता असतो. ज्याचे निम्मे हिमोग्लोबिन या वायूने अडविले आहे तो बेशुद्ध पडतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसताच दारेखिडक्या उघडून माणसास मोकळ्या हवेत न्यावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे. शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नये. वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा बंब लावू नये. आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल, तर ते हे ठेवावे.

चौथे उदाहरण रक्तपेढीचे. दान केलेले रक्त सायट्रेट, फॉस्फेट, डेक्स्ट्रोज आणि ॲडेनिन यांच्या द्रावणात २ ते ६ अंश सेल्सिअसवर ठेवले तर ३५ दिवस टिकते. या काळात पेशी जिवंत असतात, पण त्यांतील बीपीजी मात्र सुमारे दोन आठवड्यांतच जवळजवळ संपतो. असे रक्त रुग्णाच्या अंगी गेल्यावर पेशी तो पुन्हा तयार करतात व दोन-तीन दिवसांत तो पूर्ववत होतो. मग आपल्या माणसाला ताजेच रक्त हवे असा आग्रह नातेवाइकांनी धरावा काय? २०१५ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, ताजे रक्त दिल्याने मोठ्या माणसांतील मृत्यूचे प्रमाण कमी होते असे आढळले नाही. तेव्हा तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा हे उत्तम. आपण करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून शंभर बाटल्या दिल्या, तरी ३५ दिवसांनंतर त्या रक्ताचा उपयोग नाही. मंडळाने आपल्या दात्यांची यादी करून ते वर्षभर पाळीपाळीने रक्त देतील अशी व्यवस्था केली, तर या शहराचे ऋण अधिक चांगल्या रीतीने फिटेल. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.

शेवटचे उदाहरण सर्वांत गंभीर, आणि आपल्या मुलखाशी जवळचे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रोग पुष्कळ आढळतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा व गुजरात येथेही तो आहे. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच मूळचा दोष. लायनस पाउलिंग यांनी १९४९ साली याला रेणूचा रोग म्हटले आणि व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६ साली रेणूतील बदल शोधून काढला. हे सदोष रेणू प्राणवायू धरून सैल आकारात असताना निरुपद्रवी असतात. प्राणवायू सुटून ताणलेल्या आकारात आले की एकमेकांना चिकटून त्यांचे दोर वळले जातात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्या वेदना ज्यांनी घरात पाहिल्या आहेत त्यांना त्या विसरता येत नाहीत.

यावरून एक सुंदर कल्पना सुचली: एखाद्या लहान रेणूने हिमोग्लोबिन सैल आकारातच राखले तर? आल्फा साखळीच्या टोकास चिकटून असे करणारे व्हॉक्सेलोटर नावाचे औषध तयार झाले. चाचणीत पुष्कळ रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा आकडा वाढला. २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्यास त्वरित मंजुरी मिळाली. काही तज्ज्ञांनी तेव्हाही शंका काढली होती, की प्राणवायू धरून ठेवणारे रक्त तपासणीत चांगले दिसेल, पण ते अवयवांना अधिक प्राणवायू देईलच असे नाही. २०२४ च्या सप्टेंबरात उत्पादक कंपनीने ते औषध जगभरातून परत घेतले. वेदनांचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण पाहता औषधाचा लाभ जोखमीहून अधिक राहिलेला नाही, असे कारण देण्यात आले. केवळ पकड घट्ट केल्यामुळेच हे घडले, असे म्हणणे घाईचे होईल. परंतु आकडा वाढणे आणि माणूस बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र यातून स्पष्ट दिसले. याउलट हायड्रॉक्सियुरिया हे जुने, साधे औषध अद्याप उपयोगी पडत आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात जागे करते; हे हिमोग्लोबिन त्या दोरांत गुंफले जात नाही आणि दोर वळण्यास अडथळा आणते.

या रोगाच्या वाहकास सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची व २०४७ पर्यंत हा रोग हटवावयाचा असे तिचे उद्दिष्ट आहे. गाव सोडून तीन पिढ्या झाल्या तरी रक्त गाव सोडीत नाही. आपल्या सोयरिकी आजही नागपूर, चंद्रपूर, धुळ्याकडे जुळतात. अशा वेळी पत्रिकेबरोबर रक्ताची एक साधी तपासणीही दोन्ही बाजूंनी, कसलाही संकोच न बाळगता, करून घ्यावी. हा कोणा एका जातीचा कलंक नव्हे. एका अक्षराच्या जागी दुसरे पडावे तसा तो रेणूतील फरक आहे, आणि तो वेळीच कळला तर पुढचे पुष्कळ दुःख टाळता येते.

मंडळी, हिमोग्लोबिनची योग्यता आपण बहुधा त्याच्या आकड्यावरून जोखतो: बारा आहे की चौदा आहे. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण भरलेली घागर योग्य दारी रिती व्हावी ही सोय त्या आकड्यात दिसत नाही. ती एका दुर्लक्षित चिमुकल्या रेणूने, मुख्य कामाच्या जागेपासून दूर बसून, साधलेली असते. मातेपासून बाळापर्यंत आणि रक्तपेढीपासून रुग्णापर्यंत, प्रत्येक ठिकाणी आपण धरणे आणि सोडणे यांचा हा तोल पाहिला. तो तोल कसा राखला जातो हे समजून न घेता केलेला उपाय कितीही बुद्धिमान असला तरी अपुरा पडू शकतो, हेही पाहिले.

रक्तदात्यांची यादी आणि विवाहपूर्व तपासणी या दोन गोष्टींचा कार्यकारिणीने या सुवर्णमहोत्सवी वर्षात विचार करावा, अशी आमची विनंती आहे.